हिमरूची शाल आणि चार अभ्रे

संपादक मंडळाची मंडळी लेख मागायला घरी आली तेव्हा म्हणाली, "बाई, तुम्ही तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. यंदा स्मरणिकेत घरसजावट आणि हस्तकला असा एक विभाग करतोय. त्यावर इतिहासाच्या अंगानं काहीतरी लिहा." मी हो म्हटलं. पण मंडळी ज्या सोफ्यावर बसली होती, त्याच सोफ्यावर माझ्या एका मोठ्या चुकीचा पुरावा पडलेला होता. चिवडा खाता खाता एकाने तो उचलून पाठीशीही घेतला. तेव्हाच ठरवलं की लेखाची सुरुवात त्या उशीपासून करायची.

आधी एक खुलासा. आपल्या शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. या लेखात जुन्या काळाबद्दल लिहिताना त्या त्या काळी जे नाव होतं ते वापरलं आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवली ती खडकी, औरंगजेबाच्या सुभेदारीत १६५३ मध्ये झालं ते औरंगाबाद. वर्गात मी हे असंच शिकवायची, सवय जात नाही.

जुन्या सभासदांना २००० सालचा गुढीपाडवा आठवत असेल. त्या दिवशी आपण ताबा घेतला. चोवीस फ्लॅट, चोवीसही एकसारखे. तोच क्रीम डिस्टेंपर, त्याच मोझॅक टाइल, हॉलमध्ये शोकेससाठी तोच एक कोनाडा. पहिल्या महिन्यात माझे यजमान दोनदा चुकून खालच्या मजल्यावरच्या घरात शिरले होते, हे खालच्या वहिनी अजून सांगतात. कर्जाचे हप्ते सगळ्यांचेच चालू होते, तेव्हा इंटिरियर वगैरे शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. जे करायचं ते हातानं. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, दारावर मण्यांचं तोरण, गॅलरीत मॅक्रमेचा झोपाळा, लग्नपत्रिकांचे गणपती, करवंट्यांची घुबडं. ब विंगमध्ये एकीनं उंबऱ्यावर ऑइलपेंटची रांगोळी काढली आणि पुढच्या रविवारी सहा उंबऱ्यांवर रांगोळ्या होत्या. खरं सांगायचं तर यातलं निम्मं काही फार सुंदर नव्हतं. मी स्वतः रंगवलेली बाटली तर मुलानेच माळ्यावर टाकली. पण दारावरून घर ओळखू यायला लागलं.

त्या रंगाच्या भरात मी सासूबाईंची ट्रंक उघडली.

सासूबाईंना आम्ही घरात सगळे आत्याबाई म्हणायचो. त्यांच्या ट्रंकेत तळाला एक शाल होती. वांगी रंगाची, त्यावर पिवळसर वेलबुट्टी, मधूनमधून डाळिंबासारखं फळ. एका कोपऱ्याला कसर लागलेली. आत्याबाई ती कधी पांघरत नव्हत्या, कुणाला देतही नव्हत्या. मी विचार केला, नुसती पडून आहे, त्यापेक्षा नव्या सोफ्यावर चार उशांना छान अभ्रे होतील. त्या दुपारच्या झोपेत होत्या. मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि कात्री लावली.

पहिला तुकडा उचलला तेव्हाच लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. शालीच्या उलट बाजूला रेशमी धागे लांब लांब मोकळेच होते, आणि कापल्याबरोबर ते कडेनं सुटायला लागले. पुढची फुलं सैल पडली. मी घाईनं कडा दुमडल्या, मशीनवर शिलाई मारली, तरी बोट लावलं की एकेक धागा बाहेर. एवढ्यात मागून आवाज आला, "काय करायलीस गं?"

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एक तुकडा हातात घेतला, उलटा केला, आणि आत निघून गेल्या. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजी निवडताना म्हणाल्या, "माझ्या बापानं हप्त्यानं घेतली होती ती. हिमरू हाय. किमखाब परवडत नव्हता म्हणून हिमरू."

हिमरू हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. सहलीला मुलांना वेरूळला नेलं की रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्यांवर तो दिसायचा. मी वर्गात मलिक अंबरची नहर शिकवली, पाणचक्की शिकवली, दौलताबादचा खंदक फळ्यावर काढून दाखवला. पण याच शहरात विणलेलं कापड माझ्या घरातल्या ट्रंकेत होतं आणि मी ते वर्तमानपत्रावर ठेवून कापलं. तेव्हापासून मी या कापडाच्या मागे लागले. पुढचं जे लिहिते आहे ते थोडं वाचून, थोडं पाहून आणि बरंचसं आत्याबाईंकडून ऐकून गोळा झालेलं आहे.

किमखाब म्हणजे रेशमात सोन्याचांदीची जर घालून विणलेलं भरजरी कापड. ते बादशहाचं, सुभेदाराचं, फार तर मोठ्या सरदाराचं. हिमरू हे त्याचं परवडणारं भावंड. हा शब्द फारसी 'हम-रूह' वरून आला, म्हणजे सारखं दिसणारं, असं सांगतात. उभा ताणा सुताचा, आणि नक्षी उठवणारा आडवा बाणा रेशमाचा. जर नाही किंवा अगदी नावाला. नक्षीचा रेशमी धागा जिथे फूल असेल तिथे वर येतो आणि बाकीच्या ठिकाणी कापडाच्या पाठीमागून मोकळा धावतो. मी कात्रीनं तोडले ते हेच धागे. त्यांच्यामुळे कापडाला मागून एक मऊ थर मिळतो, म्हणून हिमरू थंडीत ऊब देतं आणि शेरवानीला, शालीला, रजईच्या वरच्या बाजूला चालतं.

याचंच दुसरं भावंड मशरू. त्याची हकीकत मला जास्त आवडते. पुरुषांनी शुद्ध रेशीम अंगाला लावू नये असा मुसलमानी धर्मशास्त्राचा दंडक. मग विणकरांनी युक्ती काढली. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, आणि वीण अशी की सगळं रेशीम दर्शनी बाजूला आणि सगळं सूत अंगाकडे. बघणाऱ्याला रेशीम दिसावं, घालणाऱ्याच्या कातडीला सूत लागावं. मशरू या शब्दाचा अर्थच 'शास्त्राला मान्य असलेलं'. आपल्याकडे उपवासाला साबुदाणा चालतो तसाच हा प्रकार, असं मी एकदा आत्याबाईंना म्हटलं तर त्या बराच वेळ हसत होत्या.

हे विणकर इथे आले कुठून? परंपरेनं असं सांगतात की महंमद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली तेव्हा लोकांबरोबर कारागीरही आले. राजधानी काही वर्षांत परत गेली, कारागिरांतले काही इथेच राहिले. आपण तुघलकाच्या त्या निर्णयाला वेडेपणा म्हणतो, मुलांना परीक्षेत 'तुघलकी कारभार' यावर टीप लिहायला लावतो. पण दिल्लीच्या त्या लोकांना शेकडो कोस चालवून आणल्याच्या यातनेतून आपल्या भागाला कितीतरी धंदे मिळाले. दौलताबादच्या पुढे खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा हे गाव आहे, तिथला हातकागद त्याच काळापासूनचा मानतात. चिंध्या आणि सुतळी भिजवून, कुटून लगदा करायचा, जाळीवर उचलून घ्यायचा, वाळवायचा, दगडानं घोटून गुळगुळीत करायचा. आपल्या सोसायटीच्या मुलांनी एका दिवाळीत तिथला कागद आणून आकाशकंदील केले होते, आठवतं का? पावसाचा शिडकावा झाला आणि बाजारचे कंदील फाटले, आपले टिकले. त्या कागदाचे उरलेले ताव मी अजून पत्रं लिहायला वापरते.

पुढे मलिक अंबरने खडकी वसवली, डोंगरातलं पाणी भूमिगत नहरांनी शहरात खेळवलं, आणि त्यानंतर मोगलांचं दख्खनचं ठाणंच इथे आलं. दरबार आला की कापडाला गिऱ्हाईक येतं. औरंगाबादचं हिमरू आणि किमखाब नावारूपाला आलं ते या सतराव्या शतकात. नंतर आसफजाही आली, राजधानी हैदराबादला गेली, तरी तिथल्या अमीर-उमरावांच्या शेरवान्यांना हिमरू लागतच होतं. मग गिरणीचं स्वस्त कापड आलं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. मराठवाडा मोकळा झाला याचा आनंद आपल्या प्रत्येक घराला आहे, आमच्या यजमानांचे काका तर त्या लढ्यात तुरुंगात होते. पण दरबारी पोशाखावर पोट असलेल्या विणकरांचा आश्रय त्याच दिवसांत सुटला, हेही तितकंच खरं. इतिहासाचं पुस्तक एका प्रकरणात एकच गोष्ट सांगतं, त्यामुळे ही दुसरी गोष्ट मी कधी शिकवली नव्हती.

आत्याबाईंचं लग्न १९५३ चं. त्यांचे वडील तहसील कचेरीत कारकून. लेकीला सासरी पाठवताना अंगावर एक भारी वस्त्र असावं एवढी त्यांची हौस. पैठणी परवडेना. तेव्हा ओळखीच्या एका विणकराच्या घरून, दुकानातून नव्हे, ही शाल घेतली. हाली सिक्का तेव्हा अजून व्यवहारात होता. किती हाली रुपये पडले ते आत्याबाईंना आठवत नव्हतं, पण दर महिन्याला तो विणकर त्यांच्या ओसरीवर येऊन बसायचा, पाणी प्यायचा आणि हप्ता घेऊन जायचा हे आठवत होतं. "त्यालाबी गरज व्हती, आम्हालाबी," एवढंच त्या म्हणायच्या.

एक उरलेला तुकडा पिशवीत घालून मी जाफर गेटकडे हिमरू विणणारे लोक शोधत गेले. तिथे एका म्हाताऱ्या कारागिराने तुकडा हातात घेतला. पुढची बाजू त्याने पाहिलीच नाही, आधी उलटा केला. बोटानं मोकळे धागे चाचपले आणि म्हणाला, "हातमागाका माल है. लेकिन इसकू काटते नै बाजी, पीछे के तार खुल जाते." मी म्हटलं, आता माहीत झालं. त्याला हसू आलं. मग त्याने जुना माग कसा असायचा ते समजावून सांगितलं. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसायचा. त्याच्या डोक्यावर मागाच्या चौकटीत दोऱ्यांचं एक जाळं बांधलेलं असायचं, आणि वर बसलेला दुसरा माणूस, बहुतेक वेळा घरातलाच पोरगा, ठरलेल्या क्रमाने त्या दोऱ्या ओढायचा. दोऱ्या ओढल्या की ताण्याचे नेमके तेवढे धागे उचलले जायचे, आणि खालचा त्यातून रेशीम फिरवायचा. म्हणजे सगळी नक्षी त्या दोऱ्यांच्या गाठींत बांधून ठेवलेली. फूल कागदावर नसून जाळ्यात. दिवसभर दोघांनी काम केलं तरी बोटांनी मोजावं इतकंच कापड पुढे सरकायचं. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॅकार्डने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचं यंत्र काढलं आणि वर बसणाऱ्या पोराची गरज संपली. याच भोकांच्या पुठ्ठ्यांवरून पुढे संगणकाची कल्पना निघाली, असं माझा नातू मला सांगतो, आणि ते खरं आहे.

आता बाजारात हिमरू म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं यंत्रमागावरचं असतं, आणि काही तर इथलंही नसतं. मी एकदा पाहुण्यांसाठी अशी एक शाल फसून आणली होती. तेव्हा उलटी करून बघायची अक्कल आली नव्हती.

पैठणीबद्दल मी फार लिहीत नाही. तिच्यावर सगळेच लिहितात, आणि हळदीकुंकवाला आपल्याकडे तिच्याशिवाय दुसरा विषय नसतो. फक्त हिमरूशी तुलना करता येईल म्हणून एक सांगते. पैठणीच्या पदरावर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी घेऊन बाण्याचे धागे एकमेकांत गुंतवत नेतात, त्यामुळे पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. मागे मोकळा धागा राहत नाही. खरी पैठणी ओळखायचीही खूण तीच. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. वेल, मोर, कमळ, हंस ही तिची नक्षी अजिंठ्याहून आली असं विणकर सांगतात.

अजिंठ्याचं नाव निघालं म्हणून थोडं विषयांतर करते. आपल्या सोसायटीत मी मोजलं तर नऊ घरांत पद्मपाणीची फ्रेम आहे. काही फ्रेमा सोनेरी, एक तर दिवे लागणारी. पद्मपाणी सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण घर सजवण्याची हौस असणाऱ्यांनी अजिंठ्याला गेल्यावर मान वर करून छतं बघावीत, असं माझं प्रामाणिक मत आहे. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याच्या छतावर चौकोन पाडून त्यात कमळं, फळं, वेली, पक्षी भरले आहेत. दुसऱ्या लेण्यात वर्तुळाच्या कडेनं हंसांची रांग फिरते, एकही हंस दुसऱ्यासारखा बसलेला नाही. आणि हे सगळं कशावर? कातळावर माती, साळीचा भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळून केलेल्या गिलाव्यावर, वर चुन्याचा पातळ हात देऊन. आपल्या आज्यांनी गावाकडच्या भिंती ज्या मालानं लिंपल्या, त्याचाच हा चुलत भाऊ.

ही नक्षी घरात आणायची कल्पना नवी नाही. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अनेक वर्षं अजिंठ्यात नकला काढत होते. ही मुलं हिंदुस्थानी होती, त्यात मराठी होती, पारशी होती. त्या काळी जंगलातून येऊन, लेण्यांच्या अंधारात मचाणावर उभं राहून त्यांनी छतंसुद्धा उतरवून घेतली. त्यांच्या कितीतरी नकला लंडनला पाठवल्या आणि तिथे १८८५ च्या आगीत जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिलच्या नकलाही १८६६ मध्ये तिकडेच आगीत गेल्या होत्या. पण ग्रिफिथ्सच्याच कलाशाळेत जॉर्ज टेरी मातीच्या भांड्यांचं काम शिकवत होते, आणि तिथल्या फुलदाण्यांवर, रंजणांवर अजिंठ्याची वेलबुट्टी रंगवून ती भांडी विलायतेतल्या दिवाणखान्यांत जाऊन बसली. आपल्या जिल्ह्यातला हंस साहेबाच्या फुलदाणीवर, आणि आपण मात्र फुलदाणी घ्यायला मॉलमध्ये.

आता परत कापडाकडे. "किमखाब परवडत नव्हता म्हणून हिमरू," हे आत्याबाईंचं वाक्य माझ्या डोक्यात बरीच वर्षं राहिलं. सुरुवातीला मला त्यात कमीपणा ऐकू यायचा. नक्कल म्हणजे कमी, असं आपण धरूनच चालतो. बीबी का मकबऱ्याला पाहुणे घेऊन गेलं की हटकून कुणीतरी म्हणतंच, "गरिबांचा ताजमहाल." मीही सहलीत मुलांना तेच सांगायची.

पण एकदा, हे हिमरूचं वेड लागल्यावर, मी मकबरा पुन्हा नीट पाहिला. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली, तिच्यासाठी बांधलेली ही कबर १६६०-६१ च्या सुमारास उभी राहिली. खर्चाचा नोंदलेला आकडा सुमारे ६ लाख ६८ हजार रुपये. संगमरवर जयपूरकडून यायचा. सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना तीनशेच्या आसपास गाड्या संगमरवर लादून येताना दिसल्या, असं तावर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलं आहे, सगळ्यात लहान गाडीलाही बारा बैल. एवढा खर्चिक दगड सगळीकडे लावणं शक्य नव्हतं. तेव्हा खाली कमरेएवढ्या पट्ट्यात आणि वर घुमटाला संगमरवर, आणि मधला सगळा भाग आपला इथला काळा बेसाल्ट, त्यावर घोटलेला चुन्याचा गिलावा. त्या गिलाव्यातली फुलं जवळ जाऊन बघा. पैसा तोकडा पडला तिथे गवंड्याच्या हाताने काम निभावून नेलं आहे. दारावरच्या पितळी पत्र्यावर रचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय या दोघांची नावं कोरलेली आहेत. ताजमहालाच्या दारावर कारागिराचं नाव शोधायला गेलात तर असं सापडणार नाही.

ही दोन नावं मी आत्याबाईंना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी विचारलं, "आन् माझी शाल विणली त्याचं नाव?" त्यांच्या ओसरीवर वर्षभर येऊन बसलेल्या माणसाचं नाव त्यांना आठवत नव्हतं, याचं त्यांना त्या दिवशी फार वाईट वाटलं. मला वाटतं शाल कापल्यापेक्षा जास्त.

अभ्र्यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मशीनच्या शिलाईनं काही धागे थांबेनात. शेवटी आत्याबाईंनीच चारही अभ्रे उसवायला लावले. त्यांच्या एका जुन्या सुती लुगड्याचे तुकडे त्यांनी प्रत्येक अभ्र्याच्या आतून अस्तर म्हणून ठेवले आणि बारीक धावदोऱ्यानं, फुलाच्या कडेकडेनं, ते मोकळे धागे अस्तराला बांधून टाकले. वाकळ शिवायचा टाका, तोच. महिनाभर रोज दुपारी चष्मा लावून बसायच्या. मी शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायची, आणि त्या बापाच्या, विणकराच्या, हाली रुपयांच्या गोष्टी सांगायच्या. इतकं आम्ही दोघी त्याआधीच्या वीस वर्षांत बोललो नव्हतो. शालीच्या ज्या कडा उरल्या होत्या त्या त्यांनी नातवाच्या वाकळीला किनार म्हणून लावल्या. २००९ मध्ये त्या गेल्या.

चारपैकी एक अभ्रा कालांतराने विरला. एक लेकीनं पुण्याला नेला. दोन इथे होते. मागच्या वर्षी मुलानं फ्लॅटचं नूतनीकरण काढलं, भिंती राखाडी झाल्या, सोफा राखाडी झाला, आणि सजावट करणाऱ्या माणसानं सांगितलं की या जुन्या उशा थीममध्ये बसत नाहीत. मी काहीच बोलले नाही. पूर्वी मीच कात्री चालवलेली, कुठल्या तोंडानं बोलणार? पण सूनबाईंनी त्या उशा उचलून उलट्या केल्या, आतलं लुगड्याचं अस्तर आणि ते टाके पाहिले, आणि म्हणाल्या, "आई, हे कुणी शिवलं?" मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. दोन्ही उशा राखाडी सोफ्यावर आहेत. त्यातलीच एक संपादक मंडळाने पाठीशी घेतली होती.

रौप्यमहोत्सवाच्या दिवशी खालच्या हॉलमध्ये घरोघरच्या हस्तकलेचं प्रदर्शन मांडायचं ठरलं आहे. त्यात एक अभ्रा मी ठेवणार आहे, चेन उघडी ठेवून, म्हणजे ज्याला पाहिजे त्याला आतली बाजू बघता येईल. ऑइलपेंटच्या रांगोळ्यांचे फोटो कुणाकडे असतील तर अवश्य आणावेत. कागजीपुऱ्याच्या कागदाचा एखादा आकाशकंदील माळ्यावर उरला असेल तर तोही. करवंटीचं घुबड माझ्याकडे आहे, बाटली मात्र सापडत नाही.

आणि कुणाच्या ट्रंकेत आजीची, सासूची अशी एखादी शाल, सदरा, रजईचा पालव पडून असेल, आणि त्याचं काहीतरी करावं असं मनात असेल, तर आधी तो उलटा करून बघा. मागे रेशमाचे लांब मोकळे धागे दिसले तर कात्री लावण्याआधी ब विंग, तिसरा मजला, माझ्याकडे या. आणि आजी अजून असेल तर विणणाऱ्याचं नाव तिला आजच विचारून ठेवा. चहा मी करते.